पुन्हा एकदा चौसष्ट घरं



गेल्या अंकातल्या लोणच्यांच्या लेखानं बऱ्याच घरांत वाद पेटवले, असं कानावर आलं. तेव्हा या खेपेला जरा शांत विषय घ्यावा म्हणून आम्ही बुद्धिबळाकडे वळलो आहोत. शांत म्हणजे लांबून बघणाऱ्याला शांत. पटावर समोरासमोर बसलेल्या दोघांच्या पोटात काय कालवाकालव चाललेली असते, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

आता 'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगितलेलं बरं. आम्ही म्हणजे दुबई सिलिकॉन ओएसिसमधली पन्नाशी-साठीतली सहा-सात हौशी माणसं. एक सांगलीकर, एक नागपूरकर, एक डोंबिवलीकर, गिरगावातल्या एक वहिनी, आणि अधूनमधून येणारे दोघं-तिघं. पटावर आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाका मारतो, वहिनी मात्र सगळ्यांच्या वहिनीच. दर शनिवारी संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, टेबल टेनिसच्या टेबलाशेजारी, तीन-चार पट मांडले जातात. बाहेर अल ऐन रोडवरच्या गाड्यांचा आवाज, आत एसीची घरघर, आणि मधूनच कुणाचा तरी खोल सुस्कारा. सुस्कारा ऐकू आला की समजावं, कुणाचा तरी उंट गेला.

ही माणसं काही चॅम्पियन वगैरे नाहीत. एकाच्याही नावापुढे पदवी नाही, आणि आता लागेल अशी आशाही नाही. पण प्रत्येकाची गोष्ट थोड्याफार फरकानं सारखी आहे. लहानपणी खेळ शिकलो, वेड्यासारखे खेळलो, मग नोकरी, लग्न, आखात, मुलांच्या शाळा, घरभाड्याचे चेक. वीस-पंचवीस वर्षं सोंगट्यांचा डबा उघडलाच नाही. आणि मग एक दिवस तो पुन्हा उघडला. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर असा डबा असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यातले बरेच जण शिकले ते आजोबांकडून, आणि आजोबा खेळत ते देशी पद्धतीनं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढे सरकायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल तर साऱ्या डावात एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारायची मुभा असे. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या घराचं, त्या घराचं मोहरं व्हायचं, वाटेल ते मागायची सोय नव्हती. समोरच्याची सगळी बळं मारून राजा एकटा उरला की ती 'बुर्जी', म्हणजे अर्धाच विजय. आणि प्याद्यानं मात केली तर काय विचारता! वजिरानं केलेली मात कुणीही करील, प्यादेमात करणाऱ्याचा मान वेगळा. गावागावांत या नियमांत थोडाफार फरक असायचा, आणि त्यावरून होणारी भांडणं हाही खेळाचाच भाग होता.

पुढे शाळा-कॉलेजात गेल्यावर आम्हाला आंतरराष्ट्रीय नियम कळले. १९७२ साली आइसलंडमध्ये फिशर आणि स्पास्की यांची लढत झाली, तेव्हा आमच्यातले मोठे जेमतेम आठ-दहा वर्षांचे होते. पण घरातले काका-मामा वर्तमानपत्रातले डाव पटावर मांडून बसत, हे त्यांना पक्कं आठवतं. महाराष्ट्रात तर हा खेळ आधीपासूनच रुजलेला. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचं अजिंक्यपद डी. वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळवणारे रामचंद्र सप्रे आपलेच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या आधारानं पिढ्यान् पिढ्या खेळाडू घडवले. आमचे सांगलीकर या विषयावर एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. भाग्यश्री साठे, म्हणजे पुढच्या भाग्यश्री ठिपसे, त्यांच्याच गावच्या. पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या, १९८७ साली पद्मश्री. "आमच्याकडे हळद, नाटक आणि बुद्धिबळ," असं सांगलीकर म्हणतात, आणि आम्ही मान डोलावतो, कारण वाद घातला तर डाव राहून जातो.

वहिनींची हकिगत मात्र निराळी आहे, आणि ती नीट सांगायला हवी. त्या गिरगावात वाढल्या. 'नवाकाळ'कार नीळकंठ खाडिलकरांच्या तिन्ही मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी, तेव्हा बुद्धिबळ गाजवत होत्या. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली, आणि पुढची कितीतरी वर्षं ते अजिंक्यपद बहुतेक खाडिलकरांच्या घरातच फिरत राहिलं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेतून अडवता येणार नाही. १९८१ साली हीच रोहिणी आशियाई विजेती झाली. जयश्री या आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झालेल्या पहिल्या भारतीय. गिरगावातल्या चाळींतून मुलींना बुद्धिबळाचे पट आणून देण्याची टूम निघाली ती या बहिणींमुळे, असं वहिनी सांगतात. त्यांच्या वडिलांनीही एक आणला. आंतरशालेय स्पर्धेत त्या दोन वर्षं बक्षीस घेऊन आल्या.

मग लग्न झालं. सासरी खेळायला कुणी बंदी केली नाही, कुणी टोमणाही मारला नाही. फक्त "तुम्ही खेळता का?" असं तीस वर्षांत कुणी विचारलंच नाही. दुबईत आल्यावरही मंडळाच्या कार्यक्रमांत पुरुष पट मांडून बसत आणि वहिनी आतल्या बाजूला साबुदाणा वड्यांवर. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी त्या भावजींना चावी द्यायला खाली आल्या. डोंबिवलीकरांचा डाव चालू होता. दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, घोडा मागे घेऊ नका, उलट पुढे टाका." डोंबिवलीकरांनी टाकला आणि डाव जिंकला. त्या दिवसापासून वहिनींसाठी एक खुर्ची राखून असते, आणि आजघडीला आमच्यात सर्वांत जास्त डाव त्याच जिंकतात. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी न विचारलेली एखादी वहिनी, मावशी, आत्या असू शकेल. हा अंक खाली ठेवल्यावर तेवढं एक विचारून बघा.

आता थोडं या गावाबद्दल. वाळवंटात कसलं बुद्धिबळ, असं वाटणाऱ्यांसाठी सांगतो. १९८६ साली बुद्धिबळाचं ऑलिंपियाड याच दुबईत झालं. कास्पारोव्ह आणि कार्पोव्ह दोघंही एकाच सोव्हिएत संघातून खेळले, आणि त्या संघानं इंग्लंडवर जेमतेम अर्ध्या गुणानं मात केली. डोंबिवलीकर त्याच वर्षी इथे आले होते. करामात एका खोलीत सहा जण, रात्रपाळीची नोकरी. जगातले सगळे दिग्गज आपल्याच गावात खेळताहेत, हे त्यांना रोजच्या पेपरातून कळत होतं. पाळी काही बदलून मिळाली नाही. पेपरातली ती कात्रणं मात्र अजून त्यांच्याकडे आहेत, पिवळी पडलेली.

त्याचं उट्टं पस्तीस वर्षांनी निघालं. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एक्स्पोमध्ये कार्लसन आणि नेपोम्नियाची यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. ३ डिसेंबर, राष्ट्रीय दिनाची सुट्टी. आमच्यातले चौघं सहावा डाव बघायला गेले. डाव संध्याकाळी सुरू झाला आणि मध्यरात्र उलटून गेली तरी संपेना. १३६ चाली! जगज्जेतेपदाच्या इतिहासातला हा सर्वांत लांबलेला डाव. शेवटी कार्लसननं तो काढला. डोंबिवलीकर परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. सिलिकॉन ओएसिसच्या वळणावर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "उद्यापासून आपण खेळायचं." आमच्या शनिवारच्या बैठकीचा मुहूर्त तो. महिन्याभरात, २०२२ च्या जानेवारीपासून, इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली. इतक्या वर्षांनी आमचा आणि भारतातल्या भावंडांचा रविवार एक झाला, हाही योग जमून आला.

आमच्या खोलीत आता एक सीरियन शेजारीही येऊन बसतात. त्यांच्यामुळे एक गंमत कळली. आपण ज्याला उंट म्हणतो, त्याला ते म्हणतात 'फील', म्हणजे हत्ती! उंटांच्या देशातली माणसं त्या सोंगटीला हत्ती म्हणतात आणि आपण, ज्यांनी उंट पाहिला तो चौपाटीवर नाहीतर सर्कशीत, तिला उंट म्हणतो. खरं तर हा खेळ आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. जुन्या चतुरंगातला हत्ती त्यांनी जसाच्या तसा जपला. आपल्याकडे मात्र तो सरकत सरकत पटाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. त्यांचं प्यादं म्हणजे 'बैदक', तो शब्दही फारसी प्याद्यावरूनच आलेला. वजीर दोघांचाही वजीरच. शह आणि मात तर अवघ्या जगाचे. दहाव्या शतकात बगदादच्या दरबारात अस-सूली नावाचा महारथी होऊन गेला. त्यानं रचलेला एक कूटप्रश्न सुमारे हजार वर्षं कुणाला सुटला नव्हता, तो विसाव्या शतकात रशियाच्या आवेरबाखनं सोडवला. शेजारी हे सांगतात तेव्हा त्यांचा चेहरा सांगलीकरांसारखाच दिसतो. आपल्या गावाचा अभिमान सगळीकडे सारखाच!

गेल्या वर्षी सांगलीकरांचे वडील व्हिजिट व्हिसावर दोन महिने आले होते. वय चौऱ्याऐंशी, नजर तीक्ष्ण. घरात अकरा वर्षांची नात. ती क्लासला जाते, सोंगट्यांना बिशप आणि रूक म्हणते. दोघांची पहिली बैठक आम्ही डोळ्यांनी पाहिली. नातीनं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे ढकललं.

"अगं, हे प्यादं आहे का पोस्टाची गाडी? एक घर!"

"आजोबा, पहिल्यांदा दोन चालतात. असा रूल आहे."

"कुणाचा रूल?"

"सगळ्या जगाचा."

"जगाला खेळ शिकवला कुणी?"

यावर नातीकडे उत्तर नव्हतं. शेवटी तह झाला: एक डाव आजोबांच्या नियमांनी, एक नातीच्या. आजोबांच्या डावात तिनं त्यांची सगळी बळं मारली आणि आनंदानं उडी मारली, तर आजोबा म्हणाले, "बुर्जी झाली. अर्धाच जिंकलीस." काय चिडली ती! पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच पट घेऊन हजर. दोन महिन्यांत तिनं आजोबांवर एक प्यादेमात केली. आता ती क्लासमध्ये 'माय हॉर्स' म्हणत नाही की 'नाइट' म्हणत नाही, सरळ 'घोडा' म्हणते, आणि तिची केरळची मैत्रीणही तेच म्हणायला लागली आहे. मराठी टिकवण्यावर आपण परिसंवाद घेतो ते घ्यावेतच. पण एका पटानं दोन महिन्यांत जे केलं, तेही लक्षात ठेवावं.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर जरा नाजूक गोष्ट बोलतो. आपल्याकडे हल्ली बुद्धिबळाला फार चांगले दिवस आले आहेत. २०२४ साली बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी ऑलिंपियाडचं सुवर्णपदक जिंकलं. पुरुषांत नाशिकचा विदित गुजराथी होता, महिलांत नागपूरची दिव्या देशमुख, आणि महिला संघाचे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे. त्याच डिसेंबरात गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. २०२५ च्या जुलैत दिव्यानं महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीला हरवून, आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली. त्या रात्री आमच्या नागपूरकरांनी अख्ख्या मजल्याला संत्रा बर्फी वाटली, जणू लेक त्यांचीच.

पण याच नागपूरकरांच्या घरातल्या कपाटात अकरा ट्रॉफ्या धूळ खात होत्या. मुलगा सातव्या वर्षापासून क्लासला. रेटिंग, ऑनलाइन कोचिंग, शारजा-अबूधाबीच्या स्पर्धा, हॉलबाहेर डबा घेऊन ताटकळणारे आई-बाप. दहावीच्या वर्षी मुलगा म्हणाला, "बास." आणि पटाकडे फिरकेना. त्याच्या दृष्टीनं तो खेळ नव्हताच, आणखी एक विषय होता, आणि सुटला एकदाचा. नागपूरकरांनी त्याला समजावलं नाही, रागावलेही नाहीत. ते स्वतः खाली येऊन खेळायला लागले. घरी रोज हरून यायचे आणि जेवताना आपला डाव सांगायचे. महिन्याभरानं मुलानं न राहवून विचारलं, "बाबा, पण तिथे हत्ती का नाही मारलात?" पुढच्या शनिवारी तो खाली आला. आता येतो, वाटलं तर खेळतो, नाहीतर टेबल टेनिस. स्पर्धांना तो पुन्हा जाईल की नाही, माहीत नाही. कुणी विचारतही नाही. जे आई-बाप स्वतः कधी पटावर बसत नाहीत, त्यांच्या मुलांना हा खेळ म्हणजे शिकवणी वाटली तर नवल नाही, एवढंच आमचं म्हणणं.

आता ज्यांना पुन्हा सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल. एक, फोनवरचे पाच-पाच मिनिटांचे डाव रात्री झोप उडवतात आणि खेळ मात्र सुधारत नाही. समोरासमोर, अर्ध्या-अर्ध्या तासाचा एक डाव खेळा. दोन, नव्या पुस्तकांतल्या सुरुवाती पाठ करत बसू नका. त्या संगणकाला आपल्यापेक्षा जास्त येतात, आणि १९९७ साली डीप ब्लूनं कास्पारोव्हला हरवल्यापासून त्या वादात अर्थ राहिलेला नाही. राजा आणि प्यादी उरल्यावर काय करायचं, तेवढं शिका. जुने हात तिथेच अडखळतात. तीन, सोंगटीला हात लावला की ती चालवायचीच. पंचवीस वर्षांची मैत्री टिकवायला हा एक नियम पुरेसा आहे. चार, डाव संपल्यावर दहा मिनिटं दोघांनी मिळून तो उलगडायचा, आणि हरणाऱ्यानं चहा करायचा. आणि वयाची सबब सांगू नका. जागतिक पातळीवर पन्नाशीपुढच्यांच्या आणि पासष्टीपुढच्यांच्या वेगळ्या स्पर्धा होतात. तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण अजून धाकट्या गटात आहात!

एक बातमी सांगायची राहिली. आमचे सांगलीकर येत्या मार्चमध्ये कायमचे परत जात आहेत. सत्तावीस वर्षांची नोकरी संपली, व्हिसा नोकरीला बांधलेला, हा इथला हिशोब आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे. कधी ना कधी प्रत्येकाची पाळी येते. घरातलं सामान विकायला काढलं आहे. सोफा गेला, फ्रीज गेला, गाडीला गिऱ्हाईक आलं आहे. लाकडी पट मात्र त्यांनी खोलीतच ठेवायचा ठरवलाय. "तिकडे वडिलांचा आहे," म्हणाले. हे वडील एके काळी मिरजेच्या मित्राबरोबर कार्डावर डाव खेळायचे, एका कार्डात एक चाल. आम्हीही तसंच करणार आहोत. रोज रात्री एक चाल फोनवर पाठवायची, घाई करायची नाही. एक डाव सहा महिने चालेल. चालू दे. आखातात आपण जोडलेली कितीतरी माणसं विमानतळावर हात हलवून झाल्यावर हळूहळू दिवाळीच्या निरोपापुरती उरतात. सांगलीकरांची चाल रोज यायची आहे, त्यामुळे त्यांना विसरण्याची सोय नाही.

तेव्हा मंडळी, सांगलीकरांची खुर्ची मार्चनंतर रिकामी होते आहे. सिलिकॉन ओएसिसात राहत असाल, किंवा शनिवारी मॉलमध्ये चकरा मारून कंटाळला असाल, तर अवश्य या. खेळ येत असला पाहिजे असं नाही. वहिनी शिकवतात, आणि रागवत नाहीत. हौसेला मोल नाही म्हणतात ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. या खोलीला वर्गणीसुद्धा नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता.क. आजोबांच्या 'बुर्जी'वरून सुचलं. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना देशी बुद्धिबळाचे जे जे शब्द आणि नियम आठवत असतील, ते गावाच्या नावासह आम्हाला लिहून पाठवा. एका ओळीचं पत्र असलं तरी चालेल. पुढच्या अंकात सगळे एकत्र छापू. विचारायचं तर आत्ताच विचारायला हवं.